खाटेवरचा होकार

साळुंखेसाहेबांना लाज वाटायची. आमच्या धंद्यात ही फार मोठी अडचण होती.

धंदा म्हणजे जनसंपर्क. सांगलीत विश्रामबागेत आमचा ट्रस्टचा दवाखाना, आणि त्याच्या तळमजल्यावर एक्स-रेच्या शेजारी आमची खोली. खोलीत दोन टेबलं. मोठ्या टेबलावर दिनकर साळुंखे, जनसंपर्क अधिकारी, मूळचे कोरेगावचे. लहान टेबलावर मी. बातम्या लिहायच्या, जाहिराती करायच्या, पत्रकारांना चहा पाजायचा, शिबिरांचे फ्लेक्स लावायचे आणि काहीही झालं तरी दवाखान्याचं नाव चांगलं ठेवायचं. आता असल्या कामावर लाज वाटणारा माणूस नेमणं म्हणजे खाणावळीत सोवळं पाळणारा आचारी ठेवणं. स्वयंपाक उत्तम होईल हो, पण जेवणारे ताटकळतात त्याचं काय?

लाज वाटली की त्यांचे कान लाल व्हायचे. माणूस उंच, सावळा, चालणं ताठ. बघणाऱ्याला वाटावं, सुभेदार रिटायर होऊन आलाय. घरात दोघे भाऊ फौजेत, हेच तेवढे भरतीत छातीला कमी भरले. एकदा आईनं त्यांना विचारलं होतं, “थोरला बार्डरवर हाय, मधला बार्डरवर हाय. तू नेमका काय करतुयास रं?”

“दवाखान्यात हाय.”

“डाक्टर हायस?”

“न्हाई. लोकांना सांगतो, आमचा दवाखाना चांगला हाय म्हणून.”

“चांगला असला तर लोकांस्नी कळंलच की,” आई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

हा किस्सा ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना दर वेळी कान लाल. मी हसून घ्यायची. मी वाईची, लग्न करून सांगलीत आले, आणि तोंडाळ म्हणून दोन्ही गावांत माझी ख्याती आहे. मी एकदा म्हटलं, “साहेब, तुमच्या आईंना ट्रस्टी करायला पाहिजे होतं.” तर ते गंभीरपणे म्हणाले, “मग आपल्या दोघांची नोकरी गेली असती, बाई.”

प्रेसनोट मी लिहायची आणि ते तपासायचे. उभं राहून, मोठ्यानं वाचत. विशेषण आलं की थांबायचे. “अत्याधुनिक सोनोग्राफी यंत्र. बाई, हे यंत्र आलं तेव्हा तुमचा मुलगा बालवाडीत होता.” हे बोलणं झालं तेव्हा मुलगा इंजिनिअरिंगला होता. “मग काय लिहू? जुनाट?” “नुसतं यंत्र लिहा. यंत्र आहे हे तर खरं आहे ना?” आमच्या प्रेसनोट इतक्या कोरड्या असायच्या, की एका पत्रकारानं मला हळूच विचारलं होतं, तुमचे साहेब दवाखान्यावर नाराज आहेत का?

पुण्याचे एक मोठे हृदयरोगतज्ज्ञ आमच्याकडे यायचे तेव्हाची गोष्ट. डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे संस्थापकांच्या मुलानं (ट्रस्ट आता त्यांच्याच हातात आहे), जाहिरात मंजूर केली: ‘आता सांगलीत!’ खाली तज्ज्ञांचा हसरा फोटो. साळुंखेसाहेबांनी छपाईला देताना त्यात एक ओळ घातली, ‘महिन्यातून एकदाच’. तीही फोटोएवढ्या ठळक अक्षरात. डॉक्टरसाहेबांनी बोलावून घेतलं. मीही बरोबर होते.

“साळुंखे, ही जाहिरात आहे का सूचनाफलक?”

“साहेब, जतचा म्हातारा छातीवर हात ठेवून एसटीनं येणार. त्याला डॉक्टर भेटणार नाही. मग त्याला मी काय सांगू, जाहिरात छान होती म्हणून?”

डॉक्टरसाहेब वाईट माणूस नव्हते. ओळ राहिली, फक्त अक्षरं बारीक झाली. बाहेर आल्यावर साहेब मला म्हणाले, “बारीक का होईना, हाय तर खरं.” ऑफिसात ते शुद्ध बोलायचे, पण मनातलं बोलायला लागले की कोरेगाव बाहेर पडायचं.

मात्र त्यांचा खरा नावलौकिक झाला तो फोटोच्या नियमामुळं.

मोफत शिबिरातून ऑपरेशनं झाली की पेशंटचे फोटो लागतात. देणगीदारांना दाखवायला, पेपरात छापायला. सगळीकडची पद्धत ठरलेली आहे: पेशंट खाटेवर असतानाच कागद पुढं करायचा, सही नाहीतर अंगठा घ्यायचा, की झालं. साळुंखेसाहेबांनी आमच्याकडे ही पद्धत बंद पाडली. “सलाईन लावलेला माणूस न्हाई म्हणतोय व्हय, बाई? सुई तुमच्या हातात, आणि त्याच्या हातात पेन देताय. खाटेवरचा होकार हा होकारच न्हाई.”

म्हणून ते फोटो काढून ठेवायचे आणि पेशंटला घरी जाऊ द्यायचे. महिना-दोन महिने गेले की पिशवीत फोटो टाकून एसटीनं त्याच्या गावाला जायचे. त्याच्या घरात, त्याच्या सोप्यात बसून विचारायचे. “हा तुमचा फोटो. पेपरात देऊ का? तुमच्या घरात बसून विचारतोय. न्हाई म्हणालात तर इथंच फाडतो, आणि चहा पिऊन जातो.” लोक होच म्हणायचे. वर शेंगा बांधून द्यायचे, काकवीची बाटली द्यायचे, आणि ते सगळं आमच्या खोलीत यायचं. पत्रकार टिंगल करायचे, “साळुंखे, पेशंट बरा होऊन म्हातारा झाला, आता तरी बातमी द्या की.” ते नुसते हसायचे.

एकदाच नकार आला. रहिमतपूरकडच्या एका आजींनी साफ सांगितलं, “नगं बाबा. जावांस्नी मी सांगितलंय लेकीकडं गेलते म्हणून. पेपरात आलं तर माझं हसं करतील.” साहेबांनी तिथंच फोटो फाडला. परत आले ते असे खूश, जणू स्वतःचाच रिझल्ट लागलाय. “न्हाई म्हणाली, बाई! तोंडावर न्हाई म्हणाली!” पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले होते. त्यांना वाटलं, एका माणसाला नाही म्हणता आलं, म्हणजे बाकीच्यांचं हो खरं होतं.

मलाही तसंच वाटायचं. या नियमाचा मी टेंभा मिरवायची. जनसंपर्कवाल्यांचं कुठं शिबिर असलं, की उठून सांगायची, आमच्याकडे असं असतं. लोक टाळ्या वाजवायचे.

याच नियमानं ऋतुजाचा फोटो आला होता. आटपाडीकडची पोर. जन्मतःच ओठ दुभंगलेला, टाळूही. पहिलीत होती तेव्हा आमच्या शिबिरात आणली, ओठ शिवला. साहेब रीतसर तिच्या घरी गेले, आई-वडिलांसमोर फोटो ठेवले, त्यांनी हो म्हटलं. दोन फोटो शेजारी शेजारी: डावीकडे ऑपरेशनच्या आधीची ऋतुजा, उजवीकडे नंतरची, दोन वेण्या घालून हसणारी. इतका बोलका फोटो आमच्याकडे त्याआधी नव्हता आणि नंतरही आला नाही. पुस्तिकेत तो, कॅलेंडरवर तो, दवाखान्याच्या गाडीवर तो, आणि विश्रामबाग चौकातल्या मोठ्या बोर्डावरही तोच. देणग्या आल्या त्या या फोटोवर. आणखी कितीतरी पोरांचे ओठ शिवले गेले, हेही तितकंच खरं आहे.

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता एक मुलगी आमच्या खोलीत आली. पाठीला सॅक, तोंडाला ओढणी बांधलेली, आपल्याकडे मुली गाडीवर बांधतात तशी. तिनं ओढणी सोडली, आणि साहेब उभेच राहिले.

“ऋतुजा न्हवं तू?”

ती आता विश्रामबागेतच कॉलेजला होती, हॉस्टेलवर राहत होती. चहा नको म्हणाली. बसलीही नाही.

“काका, चौकातला बोर्ड काढाल का?”

वर्गातल्या कुणीतरी तो बोर्ड ओळखला होता. मोबाईलमध्ये फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. नुसता डावीकडचा, कापून. खाली हसणारी चित्रं.

“मला माझ्या ओठाची लाज न्हाई,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “पण मी कुठं जायच्या आधी त्यो फोटो तिथं पोचलेला असतोय. लोक आधी त्याला बघतात, मग मला.”

साहेबांचे कान लाल झाले नाहीत. चेहराच पांढरा पडला. एवढ्या वर्षांत सगळ्यांना विचारलं, आईला विचारलं, बापाला विचारलं. जिचा ओठ, तिला तेवढं विचारायचं राहून गेलं होतं. हे त्यांच्या मनात आलं तसं माझ्याही आलं. माझी तर मान वर होईना. “काढतो,” ते म्हणाले. “शब्द देतो, पोरी.”

ती गेली आणि आम्ही दोघं तडक डॉक्टरसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग ड्रॉवरमधून साताऱ्याच्या कार्यक्रमाचा कागद काढला. देणगीदारांचा मोठा मेळावा होता. नव्या वॉर्डाचं सगळं त्यावर अवलंबून होतं, आणि मेळाव्याच्या निमंत्रणावरही तोच फोटो.

“वडिलांची संमती आहे ना आपल्याकडे?”

“आहे. पण ती आता नको म्हणते.”

“ती सज्ञान झाली. मग तिचीच नवी संमती घ्या. तिला स्टेजवर बोलवू, कॉलेजची फी आपण भरू.” आणि अगदी प्रेमानं म्हणाले, “साळुंखे, तुम्ही स्वतः जा. तुम्हाला ती नाही म्हणणार नाही.”

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, हे वाक्य किती वाईट आहे. मला ते कौतुक वाटलं. खरं सांगते, मला वाटलं, चला, मार्ग निघाला.

ऋतुजा सुट्टीला घरी गेली होती तेव्हा आम्ही आटपाडीला गेलो. गाडीत साहेब म्हणाले, “तिच्या घरात बसून विचारतो. न्हाई म्हणाली, तर बोर्ड उतरवतो.” आटपाडीच्या पुढं वस्तीवर त्यांचं घर, दारात डाळिंबाची बाग. बापानं लगबगीनं खुर्च्या टाकल्या, पंखा आमच्याकडं वळवला. आईनं चहा ठेवला. ऋतुजा दाराच्या चौकटीला टेकून उभी. साहेबांनी तोंड उघडायच्या आधीच बाप बोलला.

“सायब, पोरीचं बोलणं मनावर घिऊ नका. तुमी देव हाय आमचं. कुठं सही पायजे सांगा. ए ऋतू, ये हिकडं.”

ती आली. माझ्या हातात संमतीचा कागद होता. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, साहेबांकडं बघितलं नाही. पेन उचललं.

“कुठं करायची?” एवढंच विचारलं.

साहेबांनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला, घडी घातली आणि खिशात टाकला. मग ते तिच्या आईकडं वळले. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

“वैनी, एक विचारू? खरं सांगायचं. तवा मी हितंच बसून तुमाला फोटोचं विचारलं हुतं. न्हाई म्हणावंसं वाटलं हुतं का?”

“आवं, ते कशाला आता?” बाप मध्येच.

“सांगू द्या त्यांना.”

ऋतुजाची आई चहाची किटली हातात धरून उभी होती. ती म्हणाली, “वाटलं हुतं की.”

“मग म्हणाला का न्हाई?”

“टाळूचं आपरेशन ऱ्हायलं हुतं न्हवं, सायब. तुमच्याच दवाखान्यात व्हायचं हुतं.”

तिनं आम्हाला दुखवायला म्हणून हे सांगितलंच नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. आणि कपात चहा ओतायला लागली. साहेबांनी तो चहा घेतला. बाप आपला अजून म्हणतच होता, “आवं सायब, तिच्या बोलण्याला काय अर्थ हाय?” मी पदराशी चाळा करत बसले. दुसरं काय करणार?

परतीच्या वाटेवर विटा मागं पडलं तेव्हा ते एकदम म्हणाले, “बाई, ती रहिमतपूरची आजी. ती शिबिरात न्हवती आली. पैसे भरून आपरेशन केलं हुतं तिनं.”

एकटी तीच नाही म्हणू शकली, कारण तिच्यावर आमचा उपकार नव्हता. बाकी सगळी माणसं आपापल्या घरात, आपापल्या सोप्यात बसून खाटेवरच होती. आणि आम्ही त्यांच्या शेंगा खाल्ल्या. माझ्या टेबलाच्या खणात तेव्हाही काकवीची एक बाटली होती. मला ती आठवली आणि कुठं तोंड लपवू असं झालं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्या उघडल्या त्यांनी फ्लेक्सवाल्याला फोन केला आणि कुणाला न विचारता चौकातला बोर्ड उतरवला. स्वतः खाली उभे राहिले. गाडीवरचा फोटो खरवडून काढला, वेबसाईटवरचा माझ्याकडून पुसून घेतला. निमंत्रणं छापखान्यातच अडवली. मग वर जाऊन डॉक्टरसाहेबांना सांगितलं, काय केलं ते. मी बाहेर उभी होते. आरडाओरडा झाला नाही. तसला आमचा दवाखानाच नाही. “साळुंखे, तुम्ही दमलाय,” एवढं ऐकू आलं. सेवानिवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती, ती आधीच घ्यावी असं ठरलं. ते गेल्यावर मेळावा झाला, दुसऱ्या एका पोराच्या फोटोवर. त्या फोटोचा होकार खाटेवरच घेतला होता. त्या पोराच्या आईचा अंगठा मी घेतला. साहेबांची खुर्ची रिकामी होती, आणि कुणीतरी घ्यायला पाहिजे होता.

जायच्या आधी ते ऋतुजाला भेटायला कॉलेजच्या फाटकाशी गेले. एकटं जाणं बरं दिसणार नाही म्हणून मला सोबत नेलं. भर दुपारी पोरापोरींच्या गर्दीत उभे राहिले.

“पोरी, माझ्या हातातलं होतं तेवढं काढलं. कॅलेंडरं लोकांच्या घरात हायेत, मोबाईलमध्ये हाय, ते मला काढता यायचं न्हाई. हे मी केलंय. आई-बापाला विचारलं, तुला विचारलं न्हाई.”

ती म्हणाली, “काका, तवा विचारलं असतं तर मी व्हयच म्हणाले असते. मला फोटोची लय हौस हुती.”

ती हसली. बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल. साहेबांनी मान हलवली. परत येताना रिक्षात ते तळहातानं गुडघा चोळत बसले होते आणि मधूनच “हौस हुती” एवढंच म्हणत होते. मला म्हणावंसं वाटलं, साहेब, तुमच्याइतकं तरी कोण विचारतं? पण ते म्हणणं त्यांनी प्रेसनोटमधून खोडलेल्या विशेषणांसारखंच झालं असतं.

मग त्यांचा निरोपसमारंभ झाला. हॉल भरला होता. नर्सेस, वॉर्डबॉय, ट्रस्टी, पत्रकार, सगळे. डॉक्टरसाहेब फार चांगलं बोलले. ‘मूल्यांची चाड’ असा शब्द वापरला. भाषण मीच लिहून दिलं होतं. साहेब खुर्चीत अवघडून बसले होते, एवढ्या वर्षांत त्या हॉलमध्ये ते नेहमी मागं भिंतीला टेकून उभे असायचे. त्यांना पुढं बोलावलं. डॉक्टरसाहेबांनी शाल घातली, हातात नारळ दिला, आणि आमचा फोटोग्राफर पुढं सरसावला.

“साहेब, जरा इकडं बघा. हसा की.”

त्यांनी मान वर केली. कान लालबुंद. एका खांद्यावरनं शाल घसरत होती, दोन्ही हात नारळानं अडकलेले.

“न्हाई म्हणलं तर चालंल का?” त्यांनी विचारलं.

सगळा हॉल हसला. साळुंख्यांची ही जुनीच गंमत, असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टरसाहेब हसले, पत्रकार हसले, सवयीनं मीही हसले. ते मात्र हसत नव्हते. ते फोटोग्राफरकडं बघत उत्तराची वाट बघत होते, आणि त्यानं फोटो काढला.